दीड डॉलरचं बाकडं

हॅमट्रॅमिक, मिशिगन
१४ एप्रिल १९७५

प्रिय गेनिया,

तुझी पाच डॉलरची नोट पोचली. तिच्याभोवती तू इतका कागद गुंडाळला होतास की चोराला काय, मलाही ती सापडायला वेळ लागला. आभार मानत नाही. मानले की तू पत्रात अर्धं पान खडसावतेस.

बेसबॉलच्या मैदानात दूरच्या बाकड्यांचा दर यंदाही दीडच डॉलर आहे. म्हणजे तुझ्या नोटेत तीन सामने बसतात आणि वर पन्नास सेंट उरतात. त्याच्या शेंगा घेतो, त्याही फाटकाबाहेरच्या माणसाकडून. तोच माणूस, त्याच शेंगा, पण फाटकाच्या आत गेलं की दर दुप्पट! जेवण घरचंच नेतो, राय ब्रेडमध्ये कील्बासा सॉसेजचे तुकडे आणि लोणच्याची एक काकडी. पेन्शनीत हंगाम काढायचा तर असंच काढावं लागतं, आणि खरं सांगायचं तर मला त्यात मजाही येते.

यंदा एक नवी युक्ती काढली आहे. फाटक उघडतं त्या क्षणाला आत शिरायचं, सामन्याच्या चांगले दोन तास आधी. खेळाडूंचा सराव फुकटात बघून होतो, जागा हवी ती मिळते आणि धक्काबुक्की नाही. जाताना वुडवर्डवरून एकच बस घेतो. पुढची दुसरी बस घेत नाही, चालत जातो. तेवढेच पैसे वाचतात.

पहिला सामना गुरुवारी झाला. हरलो. सामना टिपलेलं कार्ड सोबत आहे. बाबांनी स्वयंपाकघरात रेडिओसमोर बसवून शिकवलं तसंच भरलंय, एका चौकोनात एक माणूस. अक्षर बघून नाक मुरडू नकोस. हा जाड मार्कर कारखान्यातला आहे. गाड्यांच्या दारांवर खुणा करायला असायचे, त्यातले डझनभर निवृत्तीच्या दिवशी माझ्या खिशात आले. हे असताना पेन विकत कशाला घ्यायचं?

तुझा,
बोलेक

---

टूसान, ॲरिझोना
२८ एप्रिल १९७५

प्रिय बोलेक,

कार्ड मिळालं. अक्षर म्हणजे खोक्यावर पत्ता घातल्यासारखं! पण वाचता आलं, त्यामुळे माफ.

मी कार्ड कसं वाचते ते तुला ठाऊक नसेल, म्हणून सांगते. दुपारी शेरिल टीव्ही लावते. माझ्या सुनेला त्यातल्या मालिकेतल्या माणसांची नावं पाठ आहेत, शेजाऱ्यांची नाहीत. तेव्हा मी माझ्या खोलीत कार्ड उघडते आणि पहिल्या चौकोनापासून सामना खेळवते. एका बैठकीत तीन डावांच्या वर जात नाही. असा एक सामना मला तीन दिवस पुरतो. काटकसर काय तुलाच येते?

आता दुसरं. तू एकसष्टचा झालास आणि एकटा राहतोस. मी रोमनला सांगून ठेवलंय, मामाचं जरा काही बिनसलं, पाय घसरला, छातीत दुखलं, काहीही, की गाडी काढायची आणि त्याला सामानासकट इथे आणायचं. माझ्या शेजारच्या खोलीत खाटही टाकलेली आहे. तुला ही धमकी वाटत असेल तर वाटू दे.

आणि तिसरं. हेलेनावहिनी गेली त्यानंतरचा तो नाताळ आठव. येत्या नाताळात तू दारू सोडलीस त्याला पाच वर्षं होतील. मी आकडा विसरत नाही. तूही विसरू नकोस.

सोबत पाच डॉलर.

गेनिया

---

हॅमट्रॅमिक
२० मे १९७५

प्रिय गेनिया,

ती खाट घडी घालून ठेव. मी ॲरिझोनात काय करू? दगड मोजू? इथले रस्ते मला डोळे मिटून पाठ आहेत. इथे मी अजून कुणाचा तरी बोलेक आहे. तिथे मी रोमनचा मामा होणार, मग हळूहळू खोलीतला म्हातारा. मला माझं बाकडं पुरे.

आता माझा पराक्रम ऐक. तिकिटाचा खालचा तुकडा पावसासाठी असतो हे तू विसरली नसशील. पाच डाव पुरे व्हायच्या आत पावसाने सामना बुडाला तर त्या तुकड्यावर दुसऱ्या कुठल्याही दिवशीचा सामना फुकट. मी आता आभाळ बघून जातो. लोक ऊन असलं की निघतात, मी ढग असले की निघतो. सहा तारखेला चौथ्या डावात पाऊस. तुकडा जपला. नऊ तारखेला त्यावर गेलो, तर तिसऱ्याच डावात पाऊस. पुन्हा नवा तुकडा. तेराला ऊन पडलं आणि सामना पुरता नऊ डाव झाला, तो मात्र कंटाळवाणा. दीड डॉलरमध्ये तीनदा आत! बाबा असते तर पाठ थोपटली असती. आईने छत्रीने मारलं असतं.

वरच्या ओळीतली माझी जागा सोडली. तिथवर बेचाळीस पायऱ्या आहेत, आणि त्या चढायचे कुणी पैसे देत नाही. आता सर्वांत खालच्या ओळीत, कठड्याला लागून बसतो. शेजारी ओडेसा टिलमन नावाच्या बाई असतात. इस्पितळाच्या धुलाईखात्यात एकतीस वर्षं काढली. कार्डबिर्ड भरत नाहीत, नुसत्या बघतात. बोलताना शब्दाशब्दाला तिकीट लावावं लागत असल्यासारख्या बोलतात. मी विचारलं, "काय झालं?" तर म्हणतात, "गेला." कसा गेला, कुठे गेला, काही नाही. गेला! पण बाई सरळ आहे. परतीच्या वाटेवर माझी पत्रंही तीच पेटीत टाकते, माझा फेरा वाचतो.

सोबत पाच कार्डं. सगळी हरलेली नाहीत.

बोलेक

---

टूसान
९ जून १९७५

बोलेक,

परवा आलेली पाच धरून आजवरची तुझी अकरा कार्डं मी टेबलावर ओळीने मांडून बसले आहे.

बाबांनी काय शिकवलं होतं ते मी तुला सांगायचं म्हणजे कमाल आहे, पण सांगते. तीन स्ट्राइक होऊन गडी बाद झाला की इंग्रजी के लिहायचा. बॅट फिरवून चुकला असेल तर सरळ के. आणि खांद्यावर बॅट ठेवून तिसरा चेंडू नुसता बघत उभा राहिला असेल तर उलटा के, आरशातल्यासारखा. लहानपणी तू सगळेच उलटे काढायचास आणि बाबा हसायचे.

या अकरा कार्डांत अठ्ठ्याण्णव के आहेत. मी दोनदा मोजले. त्यात उलटा एकही नाही.

बोलेक, अठ्ठ्याण्णव माणसांपैकी एकही बघत उभा राहिला नाही? आपल्या संघातला? बघत उभं राहणं हाच त्यांचा धंदा आहे! शिवाय पूर्वी तू प्रत्येक चेंडूला चौकोनाच्या कोपऱ्यात ठिपका द्यायचास. यंदा एक ठिपका नाही.

ही कार्डं मैदानात बसून भरलेली नाहीत. सामना डोळ्यांसमोर असणारा माणूस असं कार्ड भरत नाही. असं कार्ड भरतो तो दुसऱ्याला विचारून भरतो. बारमध्ये रेडिओ लावलेला असतो, अर्धं लक्ष ग्लासात असतं, आरडाओरडा झाला की शेजारच्याला विचारायचं, "काय झालं?" तो म्हणतो, "गेला." हा शब्द तुझ्याच पत्रातला आहे. ती धुलाईवाली बाई खरी असली तर ती तुला कुठल्या बाकड्यावर भेटते तेही मला आता कळलंय.

मी नोटा सामन्यासाठी पाठवते. तू त्यांचं काय करतोस?

खरं लिही.

गेनिया

---

हॅमट्रॅमिक
१६ जून १९७५

गेनिया,

तुझ्यापासून काही लपत नाही. तू म्हणतेस ते खरं आहे. मे महिन्यापासून घ्यायला लागलो. रोज नाही. कोपऱ्यावरच्या बारमध्ये रेडिओ असतो.

रोमनला गाडी काढायला सांगू नकोस. हे दुखणं मी एकदा बरं केलंय, पुन्हाही करीन. त्यासाठी इथेच राहायला हवं.

लाज वाटते, म्हणून जास्त लिहीत नाही.

बोलेक

---

टूसान
२३ जून १९७५

बोलेक,

पत्र वाचलं. फाडणार होते, फाडलं नाही.

त्या नाताळात इस्पितळात सहा दिवस मी तुझ्या उशाशी बसले होते. तुझ्या पायाची दोन बोटं बर्फाने काळी पडली होती. तू आईच्या तसबिरीवर हात ठेवून शपथ घेतली होतीस. मी ती शपथ पाच वर्षं बँकेत ठेवल्यासारखी जपली.

खाट उचलली आहे. रोमनला लहान मुलं आहेत, त्यांच्या घरात मी दारू पिणारा माणूस आणणार नाही. नोटा बंद. कार्डंही पाठवू नकोस. खोटा सामना मला खेळवता येत नाही.

दोन महिने कोरडे गेले की कळव. तोवर काही लिहू नकोस.

गेनिया

---

हॅमट्रॅमिक
१५ जुलै १९७५

प्रिय गेनिया,

लिहू नकोस म्हणालीस, तरी लिहितोय. उत्तर देऊ नकोस, म्हणजे तुझा शब्दही राहील. थेंबही घेतलेला नाही, हे आधी सांगून टाकतो.

पेन्शन एक तारखेला येते आणि पंधरापर्यंत टिकते. तेव्हा तिकिटाचं जमत नाही. पण मी युक्ती काढली. मैदानाच्या मागच्या गल्लीत भिंतीला लागून फुटपाथ आहे. तिथे घडीचं स्टूल टाकून बसतो. फुकट! भिंतीच्या आत माझं जुनं बाकडं, बाहेर मी, मध्ये वीतभर सिमेंट. बॅट लागली की आवाज येतो, आणि लागली कशी तेही आवाजातच असतं. नीट लागली तर सुतार खिळा ठोकतो तसा आवाज, टोकाला लागली तर नुसता खट्. मग लोक. झेल उंच असला की लोक आधी उठतात, मग गप्प होतात, मग एकदम सुस्कारा. आपल्या मैदानावर सुस्कारेच जास्त. लाउडस्पीकर नावं सांगतो. निम्मं कार्ड तेवढ्यावर भरतं.

पहिल्या दिवशी वाटलं होतं, फार चुकल्यासारखं होईल. तसं काही झालं नाही. आत बसून जेवढं मिळायचं तेवढं बाहेरही मिळतं. फक्त शेजारी "गेला" म्हणायला कुणी नाही. तेवढं मात्र जाणवतं.

गल्लीतला पोलीस काल म्हणाला, "आजोबा, इथे बसून काय दिसतं?" मी म्हटलं, "दीड डॉलर वाचलेला दिसतो." हसून गेला.

एक कार्ड पाठवतोय. खोटं नाही. वाचायचं नसेल तर ठेवून दे.

बोलेक

---

डेट्रॉइट
२२ जुलै १९७५

श्रीमती व्होजिन्स्की,

आपली ओळख नाही. तुमच्या भावाची पत्रं मी पेटीत टाकत होते, त्यामुळे पत्ता पाठ आहे. माझं नाव ओडेसा टिलमन.

मी लांबलचक पत्रं लिहीत नाही. दुसऱ्याच्या घरात नाकही खुपसत नाही. पण तीन आठवडे माझ्या शेजारची जागा रिकामी होती. परवा गल्लीतून जाताना पाहिलं तर तुमचा भाऊ भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसलेला. मी विचारलं, "हे काय?" ते म्हणाले, बहिणीला वाटतं मी पितो. मी म्हटलं, मग सांगा पीत नाही म्हणून. ते म्हणाले, मीच तिला पितो म्हणून सांगितलं. मी म्हटलं, का? त्यांनी थर्मास उघडून कॉफी पुढे केली.

मी चर्चमध्ये जाणारी बाई आहे. दारूचा वास मला फाटकाच्या पलीकडून येतो. माझे यजमान त्यातच गेले. तुमचा भाऊ थर्मासातून कॉफी पितो. मी त्यातली घेतलेली आहे. पांचट असते, पण कॉफीच असते.

बाकीचं सांगायचा त्यांनी मला अधिकार दिलेला नाही, म्हणून सांगत नाही. एवढंच सुचवते. मी त्यांच्या शेजारी वीसेक सामने बसले आणि प्रत्येक सामन्याला तीच एक टोपी घालून आले. ती कोणत्या रंगाची आहे, हे त्यांना पत्रात विचारा.

आपली,
ओडेसा टिलमन

---

टूसान
२९ जुलै १९७५

बोलेक,

तुझ्या त्या टिलमनबाईंचं पत्र आलं. टोपीचा रंग विचारा म्हणाल्या. विचारत नाही. एप्रिलपासूनची तुझी सगळी पत्रं काढली आणि पुन्हा वाचली, आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

मार्कर! मला वाटलं, माझा भाऊ पेनाचे पैसे वाचवतोय. बारीक अक्षर तुला दिसतच नाही. दुसरी बस घेत नाहीस, कारण त्या थांब्यावर चार बसा येतात आणि त्यांचे नंबर तुला वाचता येत नाहीत. दोन तास आधी जातोस ते गर्दीत चाचपडायला लागू नये म्हणून. पायऱ्या सोडल्यास, कारण पायऱ्या दिसत नाहीत. आणि मी इथे बसून शेरिलला कौतुकाने सांगत होते, आमचा बोलेक एका तिकिटात तीनदा आत जातो! तुझ्या काटकसरीच्या गोष्टी मी चवीने वाचल्या आणि तू त्यांच्याआड लपून बसलास. बाहेरही आतल्याइतकंच मिळतं म्हणे. वाचताना मला तो विनोद वाटला होता.

किती दिवस झाले? डॉक्टरला दाखवलंस का? आणि पितो म्हणून लिहिताना तुझा हात कसा धजला? पाच वर्षं तू जे राखलंस ते एका पोस्टकार्डाएवढ्या पत्रात फेकून दिलंस, आणि मीही लगेच विश्वास ठेवला. त्याचं मला काय वाटतं ते आत्ता लिहीत नाही, लिहवत नाही.

पण आता युक्त्या पुरे. सोबत टूसानचं बसचं तिकीट आहे. तीन दिवसांचा प्रवास आहे, ड्रायव्हरला सांगितलं की तो बदलीच्या ठिकाणी हाताला धरून बसवून देतो, मी चौकशी केली आहे. वीस ऑगस्टच्या आत निघ. घराचं रोमन बघेल. खाट पुन्हा टाकली आहे. यावर वाद नको.

गेनिया

---

हॅमट्रॅमिक
६ ऑगस्ट १९७५

प्रिय गेनिया,

तुझं पत्र भिंगाने वाचायला दीड तास लागला. पुढच्या वेळी मोठं लिही. आता लपवायचं काही उरलेलं नाही.

गेल्या ऑक्टोबरपासून. डॉक्टरला दाखवलं. ते म्हणाले, नजरेचा मधला भाग गेलाय, कडा शाबूत आहेत, आणि मधला परत येणार नाही. म्हणजे मी ज्याच्याकडे बघतो ते दिसत नाही, त्याच्या आजूबाजूचं दिसतं. चेंडू टाकणाऱ्या पिचरकडे बघितलं की पिचर नाहीसा होतो आणि ओडेसाबाईंची बाही दिसते. टोपीचं मी परवा त्यांना विचारलं. म्हणाल्या, "स्वतः बघा." म्हणून मी मुद्दाम मैदानाकडे तोंड केलं आणि टोपी बघितली. जांभळी आहे. त्या म्हणाल्या, "बरोबर," आणि शेंगांची पिशवी पुढे केली.

पितो म्हणून का लिहिलं, विचारतेस. सोपं आहे. तू पिणाऱ्याला ओरडतेस आणि आंधळ्याला उचलून नेतेस. मी ओरडा पत्करला. तू रडशील याचा हिशेब केला होता, पण कमी केला होता. त्याबद्दल माझं चुकलं. तेवढ्याबद्दलच.

आता तिकीट. ते घेऊन मी स्टेशनवर गेलो. बाई सोबत होत्या, नंबर वाचायला. खिडकीवरच्या माणसाने विचारलं, "टूसानला कधी निघायचंय?" मी म्हटलं, "निघायचं नाही, परत करायचंय." अठ्ठ्याहत्तरातले आठ कापून सत्तर दिले. हंगामात आपल्या मैदानावरचे वीस सामने उरलेत. वीस गुणिले दीड, तीस. ते मी कॉफीच्या डब्यात ठेवले. उरलेल्या चाळिसांची मनीऑर्डर सोबत आहे. तीस मी चोरले असं वाटत असेल तर रोमनला सांग. पण रोमन इथे आला तर मी दार उघडणार नाही. कडी मला हाताने सापडते.

गेनिया, रागावू नकोस. तुला खरंच सांगतो. तिथे मला सगळं मिळेल, गरम जेवण, स्वच्छ चादर, औषधाची वेळ. आणि दिवसभर मी एका अशा खोलीत बसेन जिची एकही वस्तू कुठे आहे ते मला ठाऊक नाही. इथे मला दिसत नसलं तरी माहीत असतं. हा बेकरीचा वास, इथे वळायचं. ही फरशी हलते, म्हणजे फाटक आलं. आंधळ्या माणसाचं गाव म्हणजे त्याचे डोळेच की. ते काढून घेऊ नकोस.

संघ सध्या रोज हरतोय. बघण्यासारखं काही नाही असं सगळेच म्हणतात, त्यामुळे माझं नुकसान बेताचंच आहे. बाईंना मी सांगितलं, नुसतं "गेला" म्हणू नका. आता त्या म्हणतात, "उगाच गेला."

तुझा,
बोलेक

---

टूसान
१४ ऑगस्ट १९७५

प्रिय बोलेक,

बघ, किती मोठं लिहिलंय. एका पानावर सहा ओळी. टपालाला जास्तीचं तिकीट लागेल, लागू दे.

तुझं पत्र मी चारदा वाचलं. पाचव्यांदा मोठ्याने वाचलं, रोमन आणि शेरिल दोघांना समोर बसवून. रोमन म्हणाला, "मामा हट्टी आहे, मी रविवारी गाडी काढतो." मी म्हटलं, "बस खाली."

मला आधी माफी मागायची आहे. माझ्या भावाने पाच वर्षं शब्द पाळला आणि मी अठ्ठ्याण्णव के मोजून त्याला खोटा ठरवला. कार्ड मी बरोबर वाचलं होतं, माणूस चुकीचा वाचला. मला क्षमा कर. हे मी जन्मात कुणाला लिहिलेलं नाही, माझ्या नवऱ्याला, स्टॅनलीलाही नाही, आणि त्याच्याशी मी चाळीस वर्षं भांडले.

आता दुसरं, ते जास्त कठीण आहे. तुझी काळजी वाटते म्हणून तुला इकडे आणा, असं मी सगळ्यांना सांगत आले. खोटं नाही, पण खरं कारण ते नाही. या घरात मला काही कमी नाही. माणसं चांगली आहेत. सकाळपासून रात्रीपर्यंत माझ्याशी तीन वाक्यं बोलली जातात, त्यातलं एक जेवायला बोलावण्याचं असतं. दोन वर्षांत मला गेनिया म्हणून कुणी हाक मारलेली नाही. मी आई आहे, आजी आहे. खोलीतला म्हातारा होण्याची तुला भीती वाटते, बोलेक. त्या खोलीतली म्हातारी मी झालेच आहे. मला शेजारच्या खाटेवर तू हवा होतास तो तुझ्यासाठी नव्हे, माझ्यासाठी. म्हणून तर तुझं काहीतरी बिनसावं याची मी जवळजवळ वाट बघत होते. हे लिहिताना लाज वाटते, पण तू खरं लिहिलंस तर मलाही लिहायला हवं.

तुझ्या चाळिसांत मी माझे अडतीस घातले आणि काल तिकीट काढलं. एकेरी. रोमन विचारत होता, परत कधी? मी म्हटलं, बघू. शेरिल रडली, याचं मला नवल वाटलं आणि बरंही वाटलं. थंडीचं म्हणशील तर ती डिसेंबरात येईल, तेव्हा तिच्याशी भांडू. माझे गुडघे इथल्या उन्हातही दुखतातच.

सत्तावीसच्या सकाळी बस पोचते. स्टेशनवर येऊ नकोस. तू मला शोधणार आणि मी तुला शोधणार, त्यात सामन्याची वेळ होईल. मी सामान घरी टाकून सरळ मैदानावर येते. दीड डॉलर माझे मी देईन. तुझ्या डब्याला हात लावू नकोस.

कार्ड तूच भर. मी नुसतं बोलणार आहे, आणि दोन वर्षांचं साठलेलं आहे. टिलमनबाईंना म्हणावं, जरा सरकून बसा.

तुझी,
गेनिया